महामार्गावरील दिवे आणि रस्त्याकडेचा वारा
(उच्च प्राथमिक वर्गांसाठी विज्ञान व गणित यांचा संयुक्त पाठ)



तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनांत अलीकडे एक प्रतिकृती हटकून पाहावयास मिळते. पुठ्ठ्यास काळा रंग देऊन महामार्ग तयार केलेला असतो. त्याच्या दुभाजकावर लहान लहान पवनचक्क्या उभ्या असतात. पलीकडे ठेवलेला टेबलफॅन सुरू केला की त्या फिरू लागतात आणि रस्त्याच्या कडेचे इवलेसे दिवे लागतात. शेजारी उभा असलेला विद्यार्थी आत्मविश्वासाने सांगतो, की धावत्या वाहनांच्या वाऱ्यावर ही वीज फुकट मिळेल आणि सर्व महामार्ग उजळून निघतील. प्रतिकृती सुबक असते, विद्यार्थ्याची मेहनतही खरी असते. मात्र ‘एका दिव्यास किती वीज लागते व एक चक्की किती देते?’ हा साधा प्रश्न विचारला, तर उत्तर क्वचितच मिळते.

प्रस्तुत पाठ त्या एका प्रश्नासाठी आहे. विषय निवडण्याचे कारण केवळ प्रदर्शन नव्हे. आपल्या जिल्ह्यांतील अनेक गावे मोठ्या रस्त्यांच्या कडेस आहेत. फाट्यावर रात्री एस.टी.तून उतरणारी माणसे, पहाटे दूध घेऊन निघणारे शेतकरी व रस्ता ओलांडून शाळेस येणारी मुले यांच्या दृष्टीने फाट्यावरचा दिवा ही जीविताची बाब आहे. असा दिवा पवनचक्कीवर लावण्याची योजना एखाद्या ग्रामसभेपुढे आली, तर ‘गुरुजी, हे जमण्यासारखे आहे काय?’ असे गावकरी शिक्षकासच विचारतील. त्या वेळी उत्साहाने ‘होय’ म्हणणे जितके अनुचित, तितकेच मोजमाप न करता ‘नाही’ म्हणणेही अनुचित होय. सातवी-आठवीच्या गणिताने या प्रश्नाचे उत्तर काढता येते. ते कसे, हे पुढे दिले आहे.

१. थोडा पूर्वेतिहास

वाऱ्यावर रस्त्याचे दिवे लावण्याची कल्पना नवी नाही. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी १८८७ साली मेरीकर्क या आपल्या गावी, घराच्या बागेत कापडी शिडांची पवनचक्की उभारली व तिच्या विजेने घरात दिवे लावले. वीज साठविण्यासाठी त्यांनी संचायक घट वापरले होते. उरलेली वीज गावाच्या मुख्य रस्त्यावरील दिव्यांसाठी देण्याची तयारी त्यांनी दाखविली. परंतु गावकऱ्यांनी हे सैतानाचे कृत्य आहे असे म्हणून ती नाकारली. पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे चार्ल्स ब्रश यांनी सुमारे १७ मीटर व्यासाचे चक्र उभारून आपला वाडा उजळला. एवढ्या प्रचंड चक्रापासून त्यांस सुमारे १२ किलोवॅट शक्ती मिळत असे. हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडेल.

शिक्षकांस अभिमान वाटावा असे तिसरे नाव डेन्मार्कमधील पोल ला कूर यांचे आहे. हे आस्को येथील लोकशाळेत शिक्षक होते. १८९१ साली त्यांनी शाळेजवळ प्रायोगिक पवनचक्की उभारली. वारा पडल्यावर दिवे कसे लागावेत, ही अडचण त्यांनी ओळखली होती. म्हणून चक्कीच्या विजेने पाण्याचे पृथक्करण करून हायड्रोजन वायू साठविण्याची व त्यावर शाळेतील दिवे लावण्याची व्यवस्था त्यांनी केली. पुष्कळ संथ पात्यांपेक्षा थोडी व वेगाने फिरणारी पाती अधिक वीज देतात, हे त्यांनी प्रयोगाने दाखवून दिले आणि खेड्यांत वीज नेणारे कारागीर आपल्या शाळेत तयार केले. आज जगभर दिसणाऱ्या पवनचक्क्यांच्या मुळाशी एका ग्रामीण शिक्षकाची मोजपट्टी आहे, ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी.

२. कल्पनेचे स्वरूप

महामार्गावरील चक्कीसाठी बहुधा उभ्या आसाचे यंत्र सुचविले जाते. पिंप उभे चिरून त्याचे दोन अर्धे भाग किंचित सरकवून जोडले, की वरून पाहता इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी आकृती होते. फिनलंडचे अभियंते सिगर्ड साव्होनियस यांनी १९२० च्या दशकात हे यंत्र प्रचारात आणले. वारा कोणत्याही दिशेने आला तरी ते फिरते, मंद वाऱ्यातही आपोआप सुरू होते व गावातील कारागिरास बनविता येते.

दुभाजकावर असे यंत्र बसविण्यात एक खरी युक्ती आहे. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. उत्तर-दक्षिण रस्ता असेल तर उत्तरेकडे जाणारी वाहने दुभाजकाच्या पश्चिमेकडून व दक्षिणेकडे जाणारी वाहने पूर्वेकडून जातात. त्यामुळे यंत्राची पश्चिम बाजू उत्तरेस ढकलली जाते व पूर्व बाजू दक्षिणेस. दोन्ही धक्के यंत्रास एकाच दिशेने, वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, फिरवितात. फळ्यावर आकृती काढून मुलांकडूनच हा निष्कर्ष काढून घ्यावा. कल्पना सुचणाऱ्याची बुद्धी चांगली आहे, हे प्रथम मान्य करावे; त्यानंतर हिशेबास बसावे.

३. वाऱ्याची शक्ती कशी मोजावी?

चक्कीस मिळणारी वाऱ्याची शक्ती तीन गोष्टींवर अवलंबून असते: हवेची घनता, चक्कीने अडविलेले क्षेत्रफळ आणि वाऱ्याचा वेग. सूत्र असे:

शक्ती (वॅट) = १/२ × घनता × क्षेत्रफळ × वेग × वेग × वेग

एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम असते. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये व वेग सेकंदास मीटरमध्ये घ्यावयाचा. वेगाचा तीन वेळा गुणाकार का, हे मुलांना असे समजावावे: वेग दुप्पट झाला की हवेच्या प्रत्येक किलोग्रॅमची गतिज ऊर्जा चौपट होते, शिवाय तेवढ्याच वेळात दुप्पट हवा चक्कीतून जाते. चौपट गुणिले दुप्पट म्हणजे आठपट. या एका नियमात पवनचक्कीचे बहुतेक शास्त्र सामावलेले आहे.

ही सर्व शक्ती मिळविता येत नाही. चक्कीने वाऱ्याची सर्व शक्ती काढून घेतली, तर हवा मागे जागीच थांबेल व नवी हवा पुढे येऊ शकणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९२० साली असे सिद्ध केले, की कितीही उत्तम यंत्र असले तरी त्यास वाऱ्याच्या शक्तीपैकी शेकडा ५९ हून किंचित अधिक, एवढाच भाग घेता येतो. पिंपासारख्या साध्या यंत्रास तेवढाही मिळत नाही. यंत्र व जनित्र मिळून एक-पंचमांश भाग हाती येतो असे धरल्यास, ते यंत्रावर अन्याय करणारे होणार नाही.

४. एका दिव्याचा जमाखर्च

प्रथम खर्चाची बाजू पाहू. फाट्यावरील एल.ई.डी. दिवा ६० वॅटचा धरला व तो रात्री १२ तास लागला, तर ६० × १२ = ७२० वॅट-तास, म्हणजे पाऊण युनिटास थोडी कमी एवढी ऊर्जा खर्च होईल. चौपदरी महामार्गाच्या उंच खांबावर याहून मोठे दिवे लागतात. आपण लहान दिवा धरून यंत्रास सवलतच दिली आहे. वीज बॅटरीत साठवून पुन्हा काढताना काही भाग वाया जातो. शंभरास ऐंशी परत मिळतात असे धरले, तर ७२० मिळण्यासाठी ९०० वॅट-तास निर्माण करावे लागतील.

आता जमेची बाजू. यंत्राची रुंदी १ मीटर व उंची १.५ मीटर धरू. क्षेत्रफळ १.५ चौरस मीटर झाले. १/२ × १.२ × १.५ = ०.९. याचा एक-पंचमांश ०.१८. म्हणजे वेगाच्या घनास ०.१८ ने गुणले की यंत्रापासून मिळणारे वॅट निघतात, व त्यास २४ ने गुणले की एका अहोरात्रीतील वॅट-तास निघतात. फळ्यावर पुढील कोष्टक मुलांकडून पुरे करून घ्यावे.

वेग २ : घन ८ : मिळणारी शक्ती १.४ वॅट : अहोरात्रीत सुमारे ३५ वॅट-तास
वेग ३ : घन २७ : ४.९ वॅट : सुमारे ११७ वॅट-तास
वेग ४ : घन ६४ : ११.५ वॅट : सुमारे २७६ वॅट-तास
वेग ५ : घन १२५ : २२.५ वॅट : ५४० वॅट-तास
वेग ६ : घन २१६ : ३८.९ वॅट : सुमारे ९३३ वॅट-तास

९०० चा आकडा शेवटच्या ओळीत ओलांडला जातो. म्हणजे सेकंदास ६ मीटर वेगाचा वारा अखंड वाहत राहिला, तरच एक लहान दिवा स्वतःच्या पायावर उभा राहील. वारा निम्मा, म्हणजे ३ झाला, तर वीज निम्मी न होता आठवा हिस्सा होते. हे पाहून मुले प्रथम चकित होतात. त्या वेळी त्यांस घाई न करता पुन्हा गुणाकार करू द्यावा.

एक गोष्ट यंत्राच्या बाजूने सांगितली पाहिजे. खरा वारा एकसारखा वाहत नाही. अर्धा दिवस वेग २ व अर्धा दिवस ४ असेल, तर सरासरी ३ येते; पण घनांची सरासरी (८ + ६४) ÷ २ = ३६ होते, २७ नव्हे. अर्थात झुळका येणाऱ्या ठिकाणी वीज सरासरी वेगावरून काढलेल्या अंदाजापेक्षा अधिक मिळते. म्हणून केवळ सरासरी वेग पाहून निकाल देऊ नये. निरनिराळ्या वेळची मोजणी पाहिजे.

५. वाहनांच्या झोताचा हिशेब

येथे विद्यार्थी म्हणतील, की आमची चक्की नैसर्गिक वाऱ्यावर नव्हे, वाहनांच्या वाऱ्यावर चालते. त्याचाही हिशेब मांडू. एक मोठे वाहन जवळून गेले की यंत्रास सेकंदास ५ मीटर वेगाचा झोत २ सेकंद मिळतो, असे उदार मनाने धरू. दुचाकीचा झोत याहून पुष्कळ कमी असतो व यंत्र दूर असेल तर मोठ्या वाहनाचाही कमी पडतो, हे तूर्त बाजूस ठेवू. कोष्टकाप्रमाणे वेग ५ असता २२.५ वॅट मिळतात. २२.५ × २ = ४५ ज्यूल. एका वाहनामागे एवढी मिळकत.

आता ९०० वॅट-तासांचे ज्यूल करू. एका तासात ३,६०० सेकंद असतात; म्हणून ९०० × ३,६०० = ३२,४०,०००. यास ४५ ने भागले की ७२,००० येतात. एक दिवा रात्रभर लागण्यासाठी अहोरात्रीत ७२,००० मोठी वाहने यंत्राजवळून गेली पाहिजेत. अहोरात्रीत १,४४० मिनिटे असतात. म्हणजे दर मिनिटास ५० वाहने, दुपारी तशीच मध्यरात्रीही.

येथे थांबून मुलांना विचारावे: ५० वाहनांचा प्रत्येकी २ सेकंद झोत म्हणजे एका मिनिटात किती सेकंद झाले? उत्तर शंभर येईल. मिनिटात तर सेकंद साठच असतात! झोत एकावर एक चढले तरी वेळ वाढत नाही. वाहनांची रांग क्षणभरही न तुटता ५ च्या वेगाचा झोत अखंड वाहिला, तरी कोष्टकाप्रमाणे ५४० वॅट-तासच मिळतात, ९०० मिळत नाहीत. गणिताने काढलेले हे उत्तर मुलांच्या मनावर जेवढे ठसते, तेवढे व्याख्यानाने ठसणार नाही.

‘फुकट’ या शब्दाचाही विचार करावा. वाहन हवा ढकलते ते इंधनाच्या जोरावर. मागे राहिलेला झोत ही वाया गेलेली ऊर्जा असल्यामुळे तिच्यातून थोडी परत मिळविणे सृष्टिनियमाविरुद्ध नाही. परंतु यंत्रे वाहनांच्या अगदी लगत किंवा अरुंद जागेत दाटीने बसविली, तर हवेचा अडथळा वाढतो व त्याचे मोल वाहनाच्या इंधनातून चुकते होते. प्रदर्शनातील प्रतिकृतीस हाच न्याय लावावा. टेबलफॅनला सुमारे ५० वॅट लागतात. लहान रंगीत दिवा ३ व्होल्टवर ०.०२ अँपिअर घेतो, म्हणजे त्यास ०.०६ वॅट पुरतात. ५० भागिले ०.०६ म्हणजे आठशेहून अधिक. फॅनने घेतलेल्या विजेचा आठशेवा हिस्साही एका दिव्यास लागत नाही. प्रतिकृतीतील दिवे लागले, एवढ्याने योजना सिद्ध होत नाही, हे यावरून स्पष्ट होईल.

६. उंची, ऋतू आणि रात्र

मुले विचारतील, की मग साताऱ्याच्या डोंगरावर पवनचक्क्या कशा चालतात? पाटण तालुक्यात, कोयना जलाशयाच्या वरच्या अंगास वनकुसवडे येथे समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून उंच पठारावर पवनचक्क्यांचे मोठे क्षेत्र आहे. त्याच जिल्ह्यातून पुणे-बेंगळुरू महामार्ग सपाटीवरून जातो. एका जिल्ह्यातील या दोन जागांची तुलना हाच उत्तम धडा आहे.

जमिनीलगतचा वारा झाडे, घरे, बांध व टेकड्या यांना घासून मंदावतो. उंच जावे तसतसा तो मोकळा होतो. मोकळ्या सपाट माळावर ८० मीटर उंचीवर वेग ७ असेल, तर ४ मीटर उंचीवर तो सामान्यतः साडेचारच्या आसपास असतो. ७ चा घन ३४३ व ४.५ चा घन सुमारे ९१. म्हणजे तीच चक्की खाली आणली की वीज जवळजवळ चौथाई होते. दुसरा भेद क्षेत्रफळाचा. १०० मीटर व्यासाचे चक्र सुमारे ७,८५० चौरस मीटर वारा अडविते. आपले पिंप दीड. पाच हजार पिंपे मिळूनही त्या एका चक्राची बरोबरी होत नाही. ब्रश यांस १२ किलोवॅटसाठी १७ मीटरचे चक्र का लागले, हे आता मुलांच्या ध्यानात येईल.

ऋतूंचे मानही पाहिले पाहिजे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य वारे जोरात असतात. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरपासून थंडीपर्यंत, अंतर्भागातील वारा पुष्कळ मंद होतो. रात्री तर सपाटीवरील वारा बहुधा सूर्यास्तानंतर पडतो. जमीन निवते, तिच्यालगतची थंड हवा जड होऊन जागीच बसून राहते व वरचा वारा खाली पोहोचत नाही. रात्री वाहनेही कमी होतात. दिव्यास ऊर्जा हवी असते नेमकी त्याच वेळी.

बॅटरी आहे ना, असे कोणी म्हणेल. १२ व्होल्ट व १०० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत १,२०० वॅट-तास मावतात. शिसे-आम्लाची बॅटरी टिकावयाची असेल तर त्यातील निम्मेच वापरावे लागतात, म्हणजे ६०० वॅट-तास. आपल्या दिव्याची एक रात्रही त्यात पुरी होत नाही. आषाढातील वारा साठवून मार्गशीर्षात दिवा लावणे अशा बॅटरीस शक्य नाही.

७. मग निष्कर्ष काय?

बहुतेक महामार्गांच्या कडेस, सपाटीवर, लहान पवनचक्की एकट्याच्या बळावर दिवा सांभाळू शकणार नाही. यास अपवाद आहेत. घाटमाथ्यावरील खिंड, समुद्रकिनाऱ्यावरील उघडी जागा किंवा डोंगरधारेवरील वळण, जेथे वारा वर्षातील पुष्कळ दिवस जोमाने वाहतो व जेथे विजेची तार नाही, तेथे अशी चक्की सौर पट्टीच्या जोडीने उपयोगी पडू शकते. सुमारे एक चौरस मीटरची २०० वॅटची सौर पट्टी स्वच्छ ऋतूत दिवसास साडेचार तासांच्या पूर्ण उन्हाइतके ऊन मिळाल्यास ९०० वॅट-तास देते. आपल्या दिव्यास हवे तेवढेच. पावसाळ्यात ढगांमुळे तिची मिळकत घटते आणि नेमका त्याच काळात वारा वाढतो. अशा ठिकाणी दोघांची सांगड घालण्यात शहाणपण आहे.

जेथे विजेची तार खांबाजवळून जाते, तेथे हिशेब आणखी सोपा आहे. रोज ०.७२ युनिट, वर्षास सुमारे २६३ युनिटे. उदाहरणादाखल युनिटचा दर ८ रुपये धरला, तर वर्षास सुमारे २,१०० रुपये होतात. यंत्र, जनित्र, बॅटरी व खांब यांचे अंदाजपत्रक ६०,००० रुपयांचे आले असे समजू. ६०,००० भागिले २,१०० म्हणजे खर्च भरून येण्यास २८ वर्षांहून अधिक काळ. तोही यंत्र रोज पुरेशी वीज देईल व काहीच बिघडणार नाही असे धरून. मधल्या काळात बॅटरी कित्येकदा बदलावी लागेल, धुळीने आसाचे बेअरिंग झिजेल. प्रत्यक्ष दर व किंमत आपल्या बिलावरून व हाती आलेल्या अंदाजपत्रकावरून घालावी. रीत हीच राहील.

याखेरीज सुरक्षिततेचा प्रश्न आहे. दुभाजकावरचा प्रत्येक खांब भरधाव वाहनास अडथळा असतो. जो दिवा चार महिने लागतो व उरलेल्या काळात केव्हा लागेल याचा नेम नसतो, त्यावर विसंबून रस्ता ओलांडणारा अधिक धोक्यात असतो. दिवा मिळेपर्यंत फाट्यावर परावर्तक बसविणे, कडेच्या झाडांस व कठड्यांस पांढरे पट्टे मारून घेणे हे उपाय ग्रामसभेने संबंधित खात्याकडे मागावेत. इंग्लंडमधील पर्सी शॉ यांनी १९३४ साली शोधलेले रस्त्यावरचे परावर्तक विजेविना काम करतात. वाहनाचाच प्रकाश ते चालकाकडे परत पाठवितात.

८. वर्गात करावयाचे उपक्रम

(अ) वाऱ्याची नोंदवही. आरमारी अधिकारी फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी १८०५ साली खुणांवरून वारा ओळखण्याची श्रेणी ठरविली. तिच्या आधारे यंत्राविना वेगाचा अंदाज येतो:

धूर कलतो पण पाने स्थिर : सेकंदास ०.३ ते १.५ मीटर
चेहऱ्यास वारा जाणवतो, पाने सळसळतात : १.६ ते ३.३
पाने व बारीक डहाळ्या सतत हलतात, हलके निशाण फडकते : ३.४ ते ५.४
धूळ व कागद उडतात, लहान फांद्या हलतात : ५.५ ते ७.९

हे वेग मोकळ्या जागी १० मीटर उंचीवरचे समजावेत. पिंपळाची पाने अगदी मंद वाऱ्यातही हलतात, म्हणून निरीक्षणास कडुनिंब किंवा चिंच निवडावी. मुलांच्या तुकड्या करून सकाळी, दुपारी व शाळा सुटताना नोंद घ्यावी. रात्री आठाची नोंद मुलांनी आपल्या अंगणातून, घरातील वडीलधाऱ्यांच्या सोबतीने घ्यावी. एक महिना जून-जुलैमधील व एक नोव्हेंबर-डिसेंबरमधील असावा. आपल्या दिव्यास धूळ व कागद बाराही महिने, दिवसरात्र उडविणारा वारा हवा, हे वहीतील नोंदींशी ताडून पाहावयास सांगावे.

(आ) पिंपाची चक्की. प्लॅस्टिकची बाटली किंवा जुन्या नळाचा तुकडा शिक्षकांनी स्वतः उभा चिरून द्यावा. सायकलच्या आऱ्यावर दोन्ही भाग बसवून एका भागास लाल रंग द्यावा व मिनिटातील फेरे मोजावेत. एकदा भिंतीच्या आडोशास, एकदा मैदानाच्या मध्यभागी व एकदा उंच काठीवर चक्की धरून फरक नोंदवावा. कोणत्याही उपक्रमासाठी मुलांस महामार्गाच्या कडेस नेऊ नये.

(इ) प्रदर्शनासाठी सूचना. हीच प्रतिकृती मांडावयाची असल्यास शेजारी जमाखर्चाचा तक्ता व महिन्याची नोंदवही ठेवावी. ‘आमच्या गावी ही चक्की पुरणार नाही, कारण...’ असे आकड्यांनिशी सांगणारा विद्यार्थी विज्ञान शिकला असे समजावे. परीक्षकांनीही त्यास कमी गुण देऊ नयेत.

९. स्वाध्याय

१) यंत्राची रुंदी व उंची दोन्ही दुप्पट केली, तर क्षेत्रफळ किती पट होईल? वेग ३ असता ९०० वॅट-तास मिळतील काय?
२) वेग ४ असता असा एक दिवा चालविण्यास वरील मापाची किती यंत्रे लागतील?
३) दिवा रात्री ११ नंतर निम्म्या तेजाने, म्हणजे ३० वॅटवर लावला व एकंदर १२ तासांपैकी पहिले ५ तास पूर्ण तेजाने लावला, तर एका रात्रीचा खर्च किती होईल?
४) आपल्या घरातील एका महिन्याच्या वीजबिलावरून युनिटचा दर काढा व फाट्यावरील दिव्याचा वर्षाचा खर्च मांडा.
५) आपल्या शिवारात सर्वांत अधिक वारा कोठे लागतो? तेथे दिव्याची गरज आहे काय? नसल्यास दोन्ही गोष्टी एकत्र येतील अशी जागा आहे काय?

उत्तरे पडताळण्यासाठी: १) चौपट, नाही, सुमारे ४६७ वॅट-तास मिळतील. २) चार. ३) ५१० वॅट-तास. चौथ्या व पाचव्या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक गावी निराळी येतील. पाचव्या प्रश्नासाठी मुलांनी शेतकरी व गुराखी यांच्याशी बोलून माहिती मिळवावी आणि ती नोंदवहीच्या शेवटच्या पानावर गावाच्या नकाशासह लिहावी. दोन्ही महिन्यांच्या नोंदी पुऱ्या झाल्यावर त्यांची एक प्रत शाळेत जपून ठेवावी. पुढील वर्षीच्या वर्गास ती उपयोगी पडेल, आणि ग्रामसभेस हवी झाली तर तिलाही देता येईल.